तळं कुणाच्या वाट्याला

वलथऱ्यांच्या घरात बारा महिने मासोळी शिजायची, म्हणून आनंदाच्या दिवशी तिथे कोंबडं लागायचं. त्या रविवारी ईश्वरदासकाकांनी सकाळीच दोन गावरानी कोंबडे आणवले, घरामागच्या मोहाखाली सतरंजी टाकायला लावली आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारून सांगायला सुरुवात केली, की कवडूची पोरगी साहेबीण झाली.

साहेबीण कसली, कनिष्ठ लिपिक. पण बोंडेटोल्यात सरकारी कागदावर नाव आलेला माणूस साहेबच. गोंदियाच्या कचेरीतून आदेश आला होता आणि महिनाअखेरीच्या आत रुजू व्हायचं होतं.

सहा वर्षं हे घर या कागदाची वाट पाहत होतं. कवडू पाटबंधारे खात्यात कालव्यावरचा चौकीदार. इटियाडोह धरणाचं पाणी धानाला सोडायचे दिवस होते, दाराचं चाक फिरवता फिरवता त्याच्या छातीत कळ आली आणि तो बांधावर बसला तो उठलाच नाही. नोकरीत असताना माणूस गेला तर घरच्या एकाला अनुकंपेवर जागा मिळते, हे काकांनी दुसऱ्याच आठवड्यात शोधून काढलं. थोरल्या गुड्डूला तीन लेकरं. तिसरा टिंकू झाला तेव्हाच दोन लेकरांच्या नियमाने त्याला सरकारी नोकरीची वाट बंद झालेली. धाकटा हिमांशू शाळेत. उरली मधली हर्षा, बी.ए. झालेली, टायपिंग येणारी. अर्ज तिच्या नावाने गेला. काका दर दोन-तीन महिन्यांनी गोंदियाला जाऊन विचारून यायचे आणि येताना दरवेळी तोंड पाडून यायचे.

आणि या मधल्या काळात हर्षाला दुसरंच काम लागलं.

त्या दिवशी कोंबडे शिजत असताना ती त्याच कामावर होती, गावच्या मामा तलावात कमरेइतक्या पाण्यात. मालगुजारांच्या काळचा हा तलाव बेशरमीच्या झुडपांनी अर्धा खाल्ला होता. ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, सोसायटीने एका संस्थेच्या मदतीने तो पुन्हा जिवंत करायला घेतला, तेव्हा बायांचा गट जमवायला शिकलेली मुलगी हवी म्हणून हर्षाला बोलावलं. ती महिनाभरासाठी म्हणून गेली आणि तिथलीच झाली. उन्हाळ्यात बायांना घेऊन बेशरमीची मुळं उपटायची, पावसाळ्यात देवधान, पोवन अशा पाणवनस्पतींची रोपं चिखलात लावायची, जाळ्यात कोणती मासोळी किती आली ते पाहून ठेवायचं. मागच्या वर्षी मरळीची पिल्लं गवताच्या आडोशाला झुंडीने दिसली, तेव्हा म्हाताऱ्या बाया पाण्यात उभ्या राहून पोरींसारख्या ओरडल्या होत्या. मानधन मिळायचं, पण ते सांगताना आई आवाज खाली करायची.

काठावर ठेवलेला फोन सारखा वाजत होता. शेवटी एका बाईने तो उचलला आणि ओरडली, "हर्षा, तुया घरचे बलावून रायले व! काकाजी तापले हायेत."

हर्षाने हातातलं रोप पावसाळ्यापर्यंत जगवायच्या खोल वाफ्यात नीट दाबलं, मग दुसरं घेतलं. तेही दाबलं. तिला घरी जायचं नव्हतं आणि तलावातही मन लागत नव्हतं. तीन दिवस असंच चाललं होतं. रात्री वाटायचं, जाते. सकाळी पाण्यात पाय घातला की वाटायचं, मरो ती नोकरी.

ती मागच्या दाराने घरात शिरली. चुलीशी डिलेश्वरी वहिनी बसली होती. तिने ओली सलवार पाहिली, उठून आतून कोरडे कपडे आणून दिले आणि हळूच म्हणाली, "अंघोड करून रायली म्हनून सांगितलं मी. लवकर या बाई बाहेर."

"वयनी, मी आज नाई म्हनून टाकतो."

वहिनीने फुंकणी खाली ठेवली. "कशाले नाई म्हनता?"

"नवकरीले."

वहिनीने फुंकणी उचलली. मग पुन्हा चुलीकडे वळली. "आधी लोकाईचं जेवन होऊ द्या," एवढंच ती म्हणाली.

मोहाची फुलं सतरंजीवर टपटप पडत होती, पोरं ती वेचत होती. पंगतीत काका मधोमध, एका बाजूला गुड्डू, दुसऱ्या बाजूला हिमांशू. हिमांशू चाकणहून दोन दिवसांची सुट्टी काढून आला होता. तिथे गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तो ठेकेदाराकडे लागला होता. गेल्या दिवाळीपेक्षा तो वाळला होता. आत्या पार्वताबाई चिचगडहून आली होती, येताना पिशवीभर चारोळी घेऊन. आई, नंदाबाई, वाढत होती. तिने ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. नवरा गेल्यापासून ते पेटीबाहेर निघालं नव्हतं.

"आता हिले गोंदियात खोली पाहा लागन," काका म्हणाले. "नंदलालले सांगून ठेवलं मी. टेसनाजवर सस्ती भेटते."

नंदलाल म्हणजे काकांचा स्वतःचा मुलगा. तोही बी.ए. होता आणि गोंदियात एका दुकानात माल मोजत होता. कागद आला त्या दिवशी त्याने हर्षाला फोन केला होता, अभिनंदन म्हणाला होता आणि पुढे काहीच न बोलता बराच वेळ फोन धरून राहिला होता.

"आन पगार बँकेत सिद्धा येते," आत्या म्हणाली. "कोनाच्या तोंडाकडं पाहा लागत नाई."

हर्षाचा घास हातातच राहिला. "काकाजी," ती म्हणाली, "मी नाई जात."

"आज कोठी जावाचं हाये? महिनाभर येळ हाये."

"नाई. मी नवकरीवरच नाई जात."

 काकांनी भाताचा घास गिळला, पाण्याचा घोट घेतला आणि अगदी शांतपणे विचारलं, "काऊन?"

तिने बायांपुढे, संस्थेच्या लोकांपुढे, एकदा तर जिल्ह्याच्या अधिकाऱ्यापुढे भाषण केलं होतं. पण आता तिच्या तोंडून एवढंच निघालं. "मले तलावात चांगलं वाटते," ती म्हणाली. बोलून झाल्यावर ते किती लहान वाटतं हे तिलाच ऐकू आलं.

"चांगलं वाटते!" काका हसले, पण डोळ्यांत हसू नव्हतं. "मलेबी उनात सायकल हानत अर्जुनीपर्यंत आन तठून रेलगाडीनं गोंदियाले जाले भल्लं चांगलं वाटे, हो ना? सहा वर्षं. त्या कचेरीतले बाबू मले पाहून तोंड फिरवत. अवं, तू नाई म्हनशीन त ते जागा हिमांशूले नाई भेटत, माया पोराले नाई भेटत. ते घराचीच जाते. कवडू मेला ते फुकट."

"काकाजी, बाबाचं नाव कायले घेता?"

"त कोनाचं घेऊ? त्याच्याच जागेवर भेटून रायली तुले."

"बाबाची जागा नाई ते! बाबा पाटावर फिरत होते, पान्याजवर. मले भिताडाजवर टेबलावर बसवून रायले."

तेव्हा गुड्डू बोलला. तो सहसा बोलत नसे. पहाटे मासोळीचा टेम्पो घेऊन निघायचा आणि दुपारी येऊन झोपायचा. "तिले नाई जावाचं त नोको जाऊ द्या," तो म्हणाला. "तलाव सुधरला त मासोळी वाढली. इतके वर्ष आंध्राची बरफातली इकत होतो, आता आपल्या तलावातली मरळ इकतो. अर्जुनीच्या बजारात लोकं नाव घेऊन मांगतात."

हर्षाने दादाकडे पाहिलं. तो तिच्या बाजूने बोलेल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण काकांनी लगेच ओळखलं. "म्हंजे तुह्या धंद्यासाठी बहीन चिखलात राहाले पायजे?"

"तसं नाई म्हनत मी."

"तसंच म्हनून रायला तू."

नंदाबाई वाढायची पातेली घेऊन मधेच उभी होती. ती कुणाकडेच न बघता म्हणाली, "मी तुले साहेबीण हो म्हनत नाई, हर्षा. मले तुया पगार नोको. मी मेल्यावर तू कोनाच्या दारात उभी रायशीन, तेवढं सांग." मग ती आत गेली, आणि आत भांडं जमिनीवर जरा जोरातच टेकल्याचा आवाज आला.

हर्षा एकतीस वर्षांची होती. दोन स्थळं येऊन गेली होती, एक तिने नाकारलं, एकाने तिला. पुढचा प्रश्न घरात कुणी मोठ्याने विचारत नसे, आई आज पहिल्यांदा विचारत होती.

"दीदी," हिमांशू म्हणाला. त्याने ताट बाजूला सरकवलं होतं. "तू लागून जा. तू लागशीन त मी घरी येतो. तलावाचं तुया काम मी करतो."

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"मी का खुशीनं रायतो तठी? एका खोलीत आमी सहा जनं. दोघं झोपले का दोघं उठतात. मशीन थांबते तवाच पाठ टेकते." तो हिंदीत घसरला, जसा तो नेहमी चिडला की घसरायचा. "मेरा भी मन नहीं लगता उधर. पन घरी पैसा पायजे म्हनून रायलो. तुया पगार सुरू झाला का मी मोकरा."

"बघा!" आत्या म्हणाली. "पोट्टा किती समजूतदार हाये."

काकांचा चेहरा उजळला. एका दगडात सगळंच साधत होतं. पोरगी सरकारात, पोरगा घरी, तलाव घरातच. गुड्डूनेही मान डोलावली. त्याला तलाव हवा होता, त्यात कोण उभं राहतं याची त्याला तितकी फिकीर नव्हती. क्षणापूर्वी तिच्या बाजूला असलेला दादा उठून पलीकडे जाऊन बसावा तसं हर्षाला वाटलं. आणि हिमांशूवर रागही काढता येत नव्हता, कारण तो खरं बोलत होता.

"तू का करशीन तलावात?" तिने विचारलं. "तुले पोवन आन गाद तरी ओळखू येते का?"

"शिकून घेईन. तू शिकलीस ना?"

"संस्थेनं मले घेतलं, तुले नाई. दरसालचं काम हाये ते. पुढच्या वर्षी रायते का नाई तेबी मालूम नाई."

"मंग तू असल्या कामासाठी सरकारी नवकरी सोडून रायली?"

"मले पैसे कमी भेटतात, पन भेटतात. मी घरात देतोच ना."

"कधी देता?"

हा आवाज चुलीकडून आला. डिलेश्वरी दारात उभी होती. हातात भाकरीचं पीठ तसंच होतं. "दिवाडीपासून संस्थेचा एक पैसा आला नाई, बाई. मी कोनाले सांगितलं नाई. तुमचा फोनचा रिचार्ज मी मारून रायली, मासोळी काटून. तुमी म्हनल्या, वयनी, आईले सांगू नोको. मी नाई सांगितलं. पन आता 'घरात देतो' म्हनू नोका."

हर्षाच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. तासाभरापूर्वी हीच बाई तिच्यासाठी खोटं बोलली होती.

"वयनी, तू—"

"तुमाले तलाव पायजे. भाऊजीले तलाव पायजे. इकडं कोनी मले इचारलं का, तुले का पायजे म्हनून?" आणि ती आत निघून गेली.

गुड्डू उठून तिच्या मागे जायला लागला, मग थांबला. त्यालाही कळेना काय म्हणून जावं.

हर्षाने हात धुतले, चपला घातल्या आणि कुणी काही म्हणायच्या आत वाटेला लागली.

दुपारी तलावावर कोणी नसतं. पाणी मागे हटलं होतं. काठाच्या भेगाळलेल्या गाळात बगळ्यांच्या पायांचे ठसे होते. हर्षा पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, पळसाखाली बसली. तिने डोक्यात हिशोब मांडून पाहिला आणि तो दरवेळी वेगळा आला. गोंदियाची नोकरी म्हणजे पगार, पेन्शन नाही तरी काहीतरी शिल्लक, म्हातारपणी औषधाला कुणाचं तोंड बघायला नको. तलाव म्हणजे सकाळ. दुसरं काय? तिला जे आवडायचं ते ती कुणाला दाखवून देऊ शकत नव्हती. पाण्यात उतरताना अंगावर काटा येतो ते. डोक्यावर कुणी साहेब नाही ते. सुगंधा म्हातारी मधेच डुबकी मारून कोवळा कमळकंद काढते आणि सगळ्यांना वाटून खायला देते ते. हे कचेरीत कुठल्या रकान्यात बसणार होतं?

आणि तिला दुसरीही गोष्ट माहीत होती, जी तिने पंगतीत सांगितली नव्हती. दिवाळीपासून मानधन आलं नाही तेव्हापासून ती रात्री जागी होती. पाण्यात उभी असतानाही पूर्वीसारखं वाटत नव्हतं. कमळकंद चघळताना मनात यायचं, वहिनी आता बाजारात मासोळी कापायला विळ्यावर बसली असेल.

हिमांशू आला आणि शेजारी बसला. म्हणाला, "वयनीनं असं सगळ्याईसमोर बोलाले नोको होतं."

"खरं बोलली."

"दीदी, मी तुया तलाव घेऊन नाई रायलो. मले फक्त तठून निघा लागते."

"मालूम हाये." तिने गाळातला एक शिंपला उचलून पाण्यात फेकला. "सांग, तलाव नाई भेटला, दुसरं काई भेटलं, दुकान, टेम्पो, त येशीन का?"

हिमांशूने विचारही केला नाही. "येईन ना."

हर्षाला हेच हवं होतं आणि ऐकून बरं वाटलं नाही. तलाव त्याला कुठूनतरी निघायची वाट म्हणून हवा होता. उद्या कुणी कंत्राटदार येऊन म्हणाला, खाद्य टाकून वाढवायची मासोळी सोडू, झुडपं-बिडपं कशाला, तर तो हो म्हणेल. त्याचा दोष नव्हता. चाकणच्या खोलीतून बघणाऱ्याला कुठलंही पाणी चांगलंच दिसणार.

"तू जा घरी," ती म्हणाली. "आईपाशी बस. मी येतो."

तो गेला तेव्हा डिलेश्वरी पाळीच्या दुसऱ्या टोकाकडून येताना दिसली. डोक्यावर काही नव्हतं, हातात काही नव्हतं. सासरी आल्यापासून वहिनीला रिकाम्या हातांनी चालताना हर्षाने बहुधा पहिल्यांदाच पाहिलं. ती येऊन उभी राहिली. बसली नाही.

"जेवन अर्धं टाकून आल्या तुमी," ती म्हणाली.

"तूबी जेवली नाईस."

"मी नंतर जेवतो." मग, "माफी मांगाले नाई आली मी."

"मांगू नोको."

डिलेश्वरी पाण्याकडे बघत होती. तिचं माहेर वैनगंगेकाठचं. तिचा बाप डोंगा घेऊन नदीत जायचा आणि भाऊ नसल्यामुळे हिला वल्हं धरायला बरोबर न्यायचा. गावातल्या बाया नावं ठेवायच्या, पोरीच्या जातीला डोंग्यात कायले बसवता म्हणून. लग्न झालं आणि वल्हं सुटलं. इथे आल्यावर बाजार, विळा, खवले, गिऱ्हाईकाची घासाघीस. हर्षाला हे सगळं तुकड्यातुकड्याने ठाऊक होतं, पण त्याबद्दल तिने कधी काही विचारलं नव्हतं.

"मागच्या पावसाड्यात तुमाले ताप आला होता," डिलेश्वरी म्हणाली. "तुमी म्हनल्या, वयनी, एक दिवस बायाईसंग जाऊन ये, रोपं वाया जातीन."

"हो."

"त्या दिवशी मी पान्यात उतरली. लग्नानंतर पहिल्यांदा." तिने पदर तोंडावर घेतला आणि पुन्हा खाली सोडला. "दिवसभर होती मी. घरी आली आन तुमचा भाऊ म्हने, आज तू काऊन हासून रायली? मी म्हनली, काई नाई. दुसऱ्या दिवशी तुमचा ताप उतरला. मी बजारात गेली."

तिच्या बोटांवर विळ्याचे जुने-नवे चिरे होते, काही पांढरे, काही अजून लाल.

 एवढ्या दिवसांत हर्षाने तलावाचं प्रेम हा आपला एकटीचा गुण मानला होता. शिकली म्हणून, वेगळी म्हणून. आणि घरच्याच चुलीशी बसलेली बाई एका दिवसाच्या आठवणीवर वर्ष काढत होती, वर तिच्या फोनचा रिचार्जही मारत होती.

"तवाच काऊन नाई बोलली?"

"बोलून का होते? घरात एकाच्या मनासारखं होते, बाई. ते तुमचं होऊन रायलं होतं." आणि मग ती एकदम चिडून म्हणाली, "आन तुमाले गोंदियाले जावाचं नाई त जाऊ नोका! मी तुमाले काढाले नाई आली. पन रडत जाऊ नोका आन रडत राहू नोका. घरात रोज कोनीतरी रडत उठते, मले आता आयकवत नाई."

 पाण्यात एक मासा उसळला आणि दोघींनी एकदमच मान वळवली.

"मरळ," डिलेश्वरी म्हणाली.

"नाई, शिंगूर असन."

"मरळच हाये. शिंगूर अशी उसरत नाई."

हर्षा हसली. वहिनीचं बरोबर होतं.

संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला सगळे पुन्हा मोहाखाली होते. काका जायला निघाले होते, पण निघत नव्हते. हर्षा समोर येऊन उभी राहिली. "मी जातो गोंदियाले," ती म्हणाली.

नंदाबाईने डोळे मिटले. काकांनी आकाशाकडे हात जोडले.

"पन पगार मायाच हातात राहीन. त्यातलं घरी देईन, किती ते मी ठरवीन. आन वयनी बजारात बसनार नाई."

"मंग मासोळी कोन काटन?" गुड्डूने विचारलं.

"तू काट, दादा. नाईतं मानूस लाव. वयनी तलावात जाईन माया जागी. मी सोसायटीत सांगतो, संस्थेतबी सांगतो. पैसे येतीन तवा येतीन, तवपर्यंत माया पगारातून."

 आत्या पार्वताबाई म्हणाली, "सून कमरेइतक्या पान्यात? लोकं का म्हनतीन?"

"माई लेक जात होती तवा लोकाईनं का म्हनलं?" नंदाबाई एकदम म्हणाली. सासूने सुनेची बाजू घेतल्याचं त्या अंगणाने पूर्वी ऐकलं नसावं. डिलेश्वरीनेही चमकून पाहिलं.

हिमांशू उठला. "आन मी?" तो म्हणाला. "मेरा क्या?"

हर्षा याच प्रश्नाला घाबरत होती. "तू ये ना घरी. मी पगारातून मदत करीन, काई सुरू कर."

"तलावाचं मी म्हनलं होतं. तुनं वयनीले देल्लं."

"तुले तलाव नाई पायजे, हिमांशू. तुले चाकण नोको हाये. ते येगळं हाये."

"तुले का मालूम मले का पायजे?" त्याचा आवाज फुटला. "सगळे आपलं आपलं पाहतात." त्याने बॅग उचलली. रेल्वे दुसऱ्या दिवशीची होती, पण तो काकांबरोबर त्यांच्याकडे राहायला निघून गेला. आई फाटकापर्यंत गेली. तो मागे वळला नाही. हर्षाला वाटलं, एक गाठ सोडवताना दुसरी आवळली गेली. ती सोडवता येईल का, हे त्या संध्याकाळी तिला कळत नव्हतं.

महिना संपायच्या आत ती गोंदियात रुजू झाली. कचेरीत भिंतीकडे तोंड करून टेबल होतं, अगदी तिने म्हटलं होतं तसं. काम अवघड नव्हतं. शेजारचा बाबू, चुन्नीलाल, चहा मागवताना तिलाही विचारायचा. स्टेशनजवळची खोली लहान होती आणि मालगाड्या रात्रभर भांडी वाजल्यासारख्या जायच्या. पहिला पगार आला त्या दिवशी ती खोलीत बसून फोनवर आलेला मेसेज पुन्हा पुन्हा वाचत राहिली. तिला लाज वाटावी इतका आनंद झाला. रात्री शांत झोप लागली, किती दिवसांनी कोण जाणे. सकाळी उठली तेव्हा पायांना पाणी लागलं नाही म्हणून अंग जड वाटलं. दोन्ही खरं होतं.

हिमांशूला तिने पैसे पाठवले. त्याने ते परत केले. पुढच्या महिन्यात पुन्हा पाठवले, तेव्हा परत आले नाहीत, पण फोनही आला नाही.

वहिनीचा फोन मात्र रोज यायचा, जेवणाच्या सुट्टीत. "बाई, वाफ्यातलं पानी आटून रायलं, का करू?" "बाई, सुगंधाबाई म्हनते बेशरमीची मुळं जाळून टाक, जाळू का?" "संस्थेचे सायब आले, मले इंग्रजीत इचारून रायले, तुमी बोला." हर्षा डबा तसाच ठेवून बोलायची. कुठली रोपं आधी हलवायची, कोणत्या बाईला कसं सांगायचं, कुठे चिखल खोल आहे. बोलताना तिचा आवाज चढायचा आणि आजूबाजूचे लोक बघायचे. फोन ठेवला की ती भिंतीकडे वळायची आणि फायलीत बोट घालून बराच वेळ तशीच बसायची. गुड्डूने विळ्यावर माणूस लावला होता. आईने सांगितलं, की डिलेश्वरी आता पोरांवर ओरडत नाही.

मग एके दिवशी जेवणाची सुट्टी झाली आणि फोन वाजला नाही.

हर्षाने डबा उघडला. पोळीचा तुकडा तोडला. फोन उलटा करून ठेवला, पुन्हा सुलटा केला. रेंज होती. वहिनीला बरं नसेल, असं मनात आलं आणि तिने स्वतःच नंबर लावला.

बराच वेळ वाजल्यावर पलीकडून पाण्याचा आवाज आला, बायांचा गलका आला, आणि डिलेश्वरी धापा टाकत म्हणाली, "हॅलो? कोन? बाई, तुमी! का झालं?"

"काई नाई. तुया फोन नाई आला म्हनून. काई अडचन हाये का?"

"नाई व, अडचन कायची? सगळं झालं. रोपं हलवली, खालच्या कोपऱ्यात लावली, तठी चिखल चांगला हाये." मागून कुणीतरी तिला हाक मारली. "बाई, मी पान्यात हाये. ठेवू का?"

"ठेव," हर्षा म्हणाली.

पण वहिनी फोन बंद करायला विसरली. तो तसाच कुठेतरी काठावर ठेवला गेला असावा. हर्षाने कानाला लावून ठेवला. छपछप आवाज येत होता. कुणीतरी मोठ्याने हसत होतं, आणि ते हसू कुणाचं, हे ओळखायला तिला थोडा वेळ लागला, कारण लग्न होऊन घरी आल्यापासून वहिनीला असं हसताना तिने ऐकलंच नव्हतं. चुन्नीलालने चहाचा कप तिच्या टेबलावर ठेवला. तिने खुणेनेच त्याला थांबायला सांगितलं आणि सुट्टी संपेपर्यंत ती ऐकत राहिली.